तिसऱ्या फेरीचं राहूनच गेलं

वहिनी,

त्या दोन गाड्यांचे आकडे आले. तुमची तेरवी होऊन चार दिवस झाले होते. सकाळी वाशीमच्या बाजारात मेथी आणि वांगी उतरवून मी रिकामे कॅरेट घेऊन परत येत होतो. जऊळक्याच्या रेल्वे फाटकाशी ऑटो उभा होता, मालगाडी जायची होती, म्हणून फोन काढला तर समोरच बातमी. ज्या चाचणीची आपण हिवाळ्यापासून वाट पाहत होतो ती झाली होती. मी आकडे वाचले आणि फोन खिशात ठेवला. घरी जाऊन आधी तुम्हाला सांगायचं, ही सतरा वर्षांची सवय. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मी ऑटो सुरू केला, आणि फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्यात कुठंतरी माझ्या लक्षात आलं, की सांगायला आता कोणी नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे.

कोणी वाचलं तर त्याला नवल वाटेल. आपल्या घरात कधी मोटार आली नाही. एक लोडिंग ऑटो, एक स्कूटी, दादाची जुनी मोटरसायकल, एवढंच. आणि आपण दीर-वहिनी रोज संध्याकाळी विहिरीजवळच्या ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत ज्या गाड्यांबद्दल बोलायचो, त्या तर कोणाच्याच घरी नव्हत्या. त्या अजून बाजारात आलेल्याच नसायच्या. परदेशातल्या कुठल्या तरी कंपनीनं पुढच्या वर्षी स्पोर्ट्‌स कार आणायची म्हटलं, की तिचं वजन फुटायचं, इंजिनाची ताकद फुटायची, अंगावर काळी-पांढरी नक्षी चिकटवलेल्या गाडीचे चोरून काढलेले फोटो यायचे. मग ती शंभरचा वेग किती सेकंदांत गाठेल, वळणावर कशी धरेल, कंपनी सांगते ते खरं की वाढवून, यावर आपला वाद सुरू व्हायचा. हातानं जुड्या चालू, तोंडानं वाद चालू.

तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी बारावीत नापास होऊन घरी बसलो होतो. भौतिकशास्त्रात गेलो होतो. माझ्या खाटेच्या वरच्या भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेल्या गाड्या चिकटवलेल्या होत्या, आणि दादा येता-जाता म्हणायचा, की या गाड्या भिंतीवरून काढल्याशिवाय पोरगा पास होत नाही. तुम्ही रिठदच्या. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी झालेल्या. पुढं वाशीमला बी.एस्सी.ला नाव घालायचं तुमच्या मनात होतं, पण त्याच उन्हाळ्यात आमचं स्थळ आलं. हे तुम्ही मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तुम्हाला येऊन तीनेक महिने झाले असतील. मी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या सावलीत पुस्तक उघडून बसलो होतो आणि पुस्तकात एक कात्रण होतं. तुम्ही पालक खुडायला आला होतात. काय वाचतोय ते विचारलं. मी मोठ्या दिमाखात सांगितलं, की ही गाडी पुढच्या साली येणार आणि चार सेकंदांत शंभर गाठणार.

"कोन म्हनलं?"

"कंपनी म्हनते."

"कंपनी त म्हननच. तू काढून पाह्यलं काय?"

मी काढून पाहिलं नव्हतं. असं काही काढता येतं हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही पालकाची टोपली खाली ठेवली, पाण्याच्या दांडाजवळच्या ओल्या मातीत काडीनं आकडे लिहिले. ताशी शंभर म्हणजे सेकंदाला पावणेअठ्ठावीस मीटर. भागिले चार. जो आकडा आला त्याला त्वरण म्हणतात, आणि तेच तुझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या धड्यात आहे, असं सांगून तुम्ही पालक खुडायला निघून गेलात. दुसऱ्या धड्याशी माझी त्या दिवशी ओळख झाली. ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झालो. दादानं पेढे वाटले आणि शिकवणीवाल्या सरांना शाल दिली. तुम्ही स्वयंपाकघरातून पाहत होतात. मी काही बोललो नाही. आज मागं वळून पाहतो तर वाटतं, तुमचं श्रेय गिळायची माझी खोड तिथूनच सुरू झाली.

आईसमोर तुम्ही मला भाऊजी म्हणायचात आणि वावरात विनू. भाऊजींना तुम्ही जेवण वाढायचात आणि विनूला तोंडावर मूर्ख म्हणायचात. मला वावरातलं नाव जास्त आवडायचं.

कोणत्याही नव्या गाडीबद्दल तुमचे पहिले तीन प्रश्न ठरलेले असायचे. वजन किती, टायर किती रुंद, इंजिन कुठं बसवलं. मी उतावळा. मी आधी ताकद सांगायला जायचो, सातशे हॉर्सपॉवर, आठशे हॉर्सपॉवर. तुम्ही हातानंच थांबवायचात. "ताकद मंग सांग." तुमचं म्हणणं असायचं, की ताकद कोणीही वाढवतं, पण गाडी शेवटी चार टायर जमिनीला जेवढ्या जागेत टेकतात तेवढ्याच जागेवर उभी असते. ते पटवायला तुम्ही मला ओल्या मेथीचा भारा डोक्यावर देऊन विहिरीच्या कडेनं वळायला लावलं होतं. भारा सरळ चालला, पाय घसरला, मी बसलो चिखलात. तुम्ही हसत म्हणालात, की हेच त्या जड गाडीचं होणार आहे, लिहून ठेव.

आणि गंमत अशी, की तुम्हाला गाडी लागायची. जऊळक्याहून रिठदला माहेरी जायचं तर तुम्ही पदरात लिंबू बांधून जीपच्या खिडकीशी बसायचात आणि तरी अर्ध्या वाटेत जीप थांबवावी लागायची. मी एकदा म्हणालो, की इतक्या वेगवान गाड्यांचा अभ्यास आणि साध्या जीपमध्ये हे हाल. तुम्ही चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणालात, "कागदावरच्या गाडीत ओकारी येत नाई. म्हनून त मले थे आवडते."

खरी स्पोर्ट्‌स कार आपण दोघांनी मिळून एकदाच पाहिली. किन्हीराजा गावी तुमच्या मावसबहिणीकडे बारसं होतं. स्कूटीवर परत येताना समृद्धी महामार्गावरच्या पुलावर तुम्ही थांबायला सांगितलं. खालून गाड्या जात होत्या. अर्धा तास उभे राहिलो. निघणार तेवढ्यात पश्चिमेकडून पिवळी, जमिनीला चिकटल्यासारखी एक गाडी आली. मी ओरडलोच. तुम्ही मात्र ओठ हलवत मोजत होतात. खालच्या दोन पाट्यांमधलं अंतर अर्धा किलोमीटर असल्याचं तुम्ही आधीच पाहून ठेवलं होतं. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी म्हणालो, दोनशेच्या खाली नसेल. तुम्ही म्हणालात, तेरा सेकंद लागले, म्हणजे एकशे अडतीस. दोनशे वाटते ती आवाजामुळं. मी खट्टू झालो. तुम्ही घरी येईपर्यंत मागं बसून गुणगुणत होतात. तुम्हाला गुणगुणताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आता चॅनलचं सांगतो. हे मी तुम्हाला कधीच नीट सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी मी फोनवर व्हिडिओ काढायला लागलो. येणाऱ्या स्पोर्ट्‌स कारबद्दल मराठीत बोलायचं, असं. सुरुवातीला बातम्या वाचून दाखवायचो, कोणी पाहत नव्हतं. मग एका इलेक्ट्रिक गाडीची घोषणा झाली. कंपनीचं म्हणणं, शंभरचा वेग दोन सेकंदांच्या आत. जगभर गवगवा. मी संध्याकाळी ओट्यावर येऊन तुम्हाला ते सांगितलं. तुम्ही दोन-तीन जुड्या बांधल्यात. मग म्हणालात, की असं व्हायला टायरनं गाडीच्या वजनाच्या दीडपट जोरानं जमीन धरली पाहिजे. साध्या रस्त्यावरचा टायर एवढं धरत नाही. म्हणजे एक तर टायर वेगळा आहे, नाही तर घड्याळ.

"घड्याळ कसं वेगळं राहीन?" मी म्हणालो.

"गाडी हाल्ल्यावर चालू करत असतीन. पयला फूटभर मोजतच नसतीन."

मी हसलो. मग शोधलं. कंपनीच्या पत्रकात अगदी शेवटी, बारीक अक्षरांत तेच लिहिलेलं होतं. गाडी पहिला एक फूट सरकल्यानंतरची वेळ धरलेली होती. त्या एका फुटात जवळपास दोन दशांश सेकंद जातात. वहिनी, तुम्ही ते पत्रक पाहिलेलं नव्हतं. जऊळक्याच्या वावरात मेथीची जुडी बांधता बांधता तुम्ही ते ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ केला. तुमचं एकेक वाक्य घेतलं, भाऱ्याचं उदाहरणसुद्धा घेतलं. "मला शंका आली", असं म्हणालो. "मी हिशोब केला", असं म्हणालो. तो व्हिडिओ पुण्या-मुंबईपर्यंत गेला. लोकांनी लिहिलं, सर तुम्ही इंजिनिअर आहात का, सर कुठल्या कॉलेजात शिकवता. मला आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं. पुढचा व्हिडिओ मी तसाच केला, त्याच्या पुढचाही. तुम्ही सांगायचात, मी बोलायचो.

तुमच्या हातात फोन यायला वेळ लागला. श्रुतीला वाशीमच्या वसतिगृहात ठेवलं तेव्हा दादानं तुम्हाला फोन घेऊन दिला. या वर्षी मार्चमध्ये तुम्ही माझे सगळे व्हिडिओ एका दुपारी पाहिलेत. संध्याकाळी ओट्यावर आलात तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता.

"यात मी कुठं हाव, विनू?"

मी तयार नव्हतो. जे सुचलं ते बोललो. म्हणालो, तुमचं नाव टाकलं तर गावात लोक काय म्हणतील, घरच्या सुनेचं नाव असं फोनवर फिरणार, आईला काय वाटेल. हे सगळं मी त्या क्षणी जुळवलं होतं. त्याआधी एकदाही मनात आलं नव्हतं. खरं कारण एवढंच होतं, की मला सर म्हणवून घेणं आवडत होतं.

तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "नाव टाक असं मी म्हनलं नाई. मले विचारलं काहून नाई, हे म्हनून राह्यली."

तुम्ही उठून घरात गेलात. पुढचे चार दिवस तुम्ही ओट्यावर आला नाहीत, जुड्या अंगणात बसून बांधल्या. पाचव्या दिवशी आलात, टोपली ठेवलीत आणि विचारलं, त्या हलक्या गाडीचं वजन जाहीर झालं काय. मी सुटलो. माफी मागायची ती मागितली नाही. तुम्ही विषय सोडला म्हणजे मिटलं, असं मी धरून चाललो. मिटलं नव्हतं हे मला माहीत होतं.

त्या हलक्या गाडीचा वाद आपला शेवटचा. दोन गाड्या याच वर्षी येणार होत्या. एक इलेक्ट्रिक, दोन टनांच्या वर वजन, अफाट ताकद. दुसरी एका लहान कंपनीची पेट्रोलवरची, वजनाला दीड टनाच्याही खाली, ताकद निम्म्याहून कमी. दोन्ही एकाच डोंगरी ट्रॅकवर नेऊन चाचणी होणार असं जाहीर झालं होतं. मी इलेक्ट्रिकच्या बाजूनं. तुम्ही हलकीच्या बाजूनं, पण तुमचं म्हणणं साधं नव्हतं. तुम्ही म्हणालात, पहिल्या फेरीत इलेक्ट्रिकच पुढं राहणार, त्यात वादच नाही. पण एवढं वजन प्रत्येक वळणाला थांबवायचं तर ब्रेक तापतील, टायर तापतील, बॅटरी तापेल. दुसऱ्या फेरीत दोघी बरोबर येतील आणि तिसऱ्या फेरीत हलकी पुढं जाईल. मी म्हणालो, आता थंड ठेवायची यंत्रणा फार सुधारली आहे. तुम्ही म्हणालात, यंत्रणेलाही वजन असतं. हा वाद एप्रिलभर चालला, मेभर चालला. शंभर गाठायच्या वेळेवरही आपण अडलो होतो. तो पहिला फूट न लपवता मोजलं तर मी म्हणायचो इलेक्ट्रिकला दोन पूर्णांक एक सेकंद लागतील, तुम्ही म्हणायचात दोन पूर्णांक पाच.

मग तो सोमवार. मी फोन तुमच्यासमोर धरला, नवीन फोटो आले होते. तुम्ही फोन हातात घेतला नाही. "तूच वाच," म्हणालात. मी वाचून दाखवलं आणि मनात म्हटलं, अजून राग आहे. माझ्या फोनला हात लावायचा नाही असं ठरवलेलं दिसतं.

मंगळवारी तुम्ही जुड्या अर्ध्या टाकून उठलात, कपाळ दाबत. मी विचारलं तर डोकं दुखते म्हणालात. गोळी घ्या म्हणालो. घेतली म्हणालात.

बुधवारी बातमी आली, की इलेक्ट्रिक गाडीचं वजन ठरल्यापेक्षा आणखी वाढलं. एरवी तुम्ही टाळी दिली असती. मी मुद्दाम तुमच्या फायद्याची बातमी पळत येऊन सांगितली, आपलं पुन्हा सरळ व्हावं म्हणून. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. "असं काय," एवढंच म्हणालात. मला ते लागलं. मनात आलं, चूक झाली माझी, पण किती दिवस ताणायचं. मी उठून विहिरीवरची मोटार बंद करायला निघून गेलो. तुम्हाला उजेड सहन होत नव्हता, वहिनी. आणि मी त्याला रुसवा समजलो.

गुरुवारी सकाळी तुम्ही वावरात पाण्याच्या दांडाजवळ पडलात. शेजारच्यांची जीप काढली. वाशीमला दाखवलं, तिथून अकोल्याला न्यायला सांगितलं. तुमचं डोकं दादाच्या मांडीवर होतं. मालेगावच्या पुढं रस्ता खराब आहे, अकोल्याला जाताना दर वेळी तुम्हाला तिथंच त्रास व्हायचा, म्हणून मी सवयीनं मागं वळून पाहिलं. तुम्ही शांत होतात. मला त्या शांततेची भीती वाटली. डोक्यातली नस फुटली होती. शनिवारी दुपारी तुम्ही गेलात. तीन दिवस आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. तेव्हापासून मी त्या उत्तरावर कधी इकडून, कधी तिकडून विचार करतो. त्यातून काही निघत नाही.

आता आकडे.

शंभर गाठायला इलेक्ट्रिकला दोन पूर्णांक तीन सेकंद लागले. पहिला फूट धरून. म्हणजे माझ्या आणि तुमच्या आकड्याच्या बरोबर मधोमध. दोघंही चुकलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, की मी वरच्या बाजूनं चुकली, म्हणजे कमी चुकली, आणि यावर दोन दिवस गेले असते.

ट्रॅकवर इलेक्ट्रिक सात सेकंदांनी पुढं राहिली. पण त्यांनी फेरी एकच मारली. मी पूर्ण बातमी तीनदा वाचली, त्यांचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. एकच फेरी, मग गाड्या आत नेल्या. पहिल्या फेरीबद्दल आपलं दुमत नव्हतंच. तिसरी फेरी कोणी चालवलीच नाही. मी खाली लिहून विचारलं, की पुढच्या फेऱ्यांचं काय, ब्रेकचं तापमान किती होतं. उत्तर आलेलं नाही. म्हणजे तुमचं बरोबर की माझं, हे ठरलं नाही. एका परीनं बरं वाटलं. तुम्ही नसताना मी जिंकलो असतो तर त्याचं काय केलं असतं.

लोक चॅनलवर विचारायला लागले होते, सर, तुमचा अंदाज काय झाला. व्हिडिओ करायचा तर आता खरं सांगून करायचा, हे माझं ठरलं होतं. तिसऱ्या फेरीचा मुद्दा तुमचा, फूटभराचा शोध तुमचा, चार वर्षांतलं जे जे लोकांना आवडलं ते तुमचं. पण तिथंच अडलो. तुम्ही नाव मागितलं नव्हतं. विचारलं का नाही, असं म्हणाला होतात. आता नाव टाकायचं तरी तुम्हाला विचारता येत नाही. न विचारता घेतलं होतं, आता न विचारताच परत करायचं. हे मला काही उलगडेना. तीन दिवस तसाच फिरलो. मग दादाकडे गेलो.

दादाला तुम्ही ओळखता. दिवसात मोजून बोलणारा माणूस. तुम्ही गेल्यापासून तेवढंही नाही. श्रुती परत वसतिगृहात गेली तेव्हा तिला बसस्टँडवर सोडून आला आणि थेट वावरात जाऊन रात्रीचं पाणी लावायची तयारी करत बसला. आता संध्याकाळी जुड्या तो आणि मी बांधतो. त्याला जमत नाही, त्याची जुडी सैल राहते. त्या दिवशी मी बांधता बांधता त्याला सगळं सांगितलं. परीक्षेपासून सुरुवात केली. तुम्ही मातीत लिहिलेला हिशोब, पूल, पिवळी गाडी, व्हिडिओ, लोकांचं सर म्हणणं, तुमचा प्रश्न, माझं उत्तर. बुधवारचंही सांगितलं. ते सांगताना त्याच्याकडे पाहवलं नाही.

दादाचे हात थांबले. मला वाटलं, उठून जाईल.

"मी आयकत होतो तुमाले," तो म्हणाला. "रोज. तिकडं वांग्याच्या ओळीत निंदत बसत जाओ. समजे नाई काई. पन तिचा आवाज घरात तसा नोयता. इथंच तसा होता. म्हनून बसो."

मी म्हणालो, "दादा, येऊन बसाचं होतं आमच्याजोळ."

"मी आलो असतो त बंद झाली असती थे."

हे खरं होतं की नाही मला माहीत नाही. तुम्ही थांबला नसता असं मला वाटतं. पण सतरा वर्षं तो वीस पावलांवर बसून ऐकत होता आणि तुम्हाला ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तुम्हाला हे कळायला हवं होतं, वहिनी. माझ्या माफीपेक्षा हे जास्त कळायला हवं होतं.

मग मी त्याला नावाचं विचारलं. म्हणालो, त्यांना तर विचारता येत नाही, आणि न विचारता टाकलं तर पुन्हा तेच होतं.

दादानं हातातली जुडी सोडून पुन्हा बांधली. "टाक. तिचं नाव टाक. रागावली त माह्यावर रागावन, मी पाहून घेईन."

रविवारी व्हिडिओसाठी ओट्यावरच फोन उभा केला. दादा बाजूला, फोनमध्ये दिसणार नाही असा बसला. मी लोकांना सांगितलं, की आजवर त्यांनी इथं जे ऐकलं त्यातलं डोकं माझं नव्हतं. ते सुरेखाताईंचं, माझ्या वहिनींचं होतं, त्या जऊळक्याला मेथी-पालक पिकवत होत्या आणि बारावी सायन्स होत्या. मी त्यांना न विचारता त्यांचं म्हणणं माझं म्हणून सांगत आलो. त्या गेल्या. दोन गाड्यांबद्दल त्यांचा अंदाज असा होता, त्यातला एवढा चुकला आणि एवढा अजून कोणी तपासलेला नाही.

तुमचं नाव घेताना माझा आवाज बसला. तेवढा भाग कापून पुन्हा काढावा म्हणून मी फोनकडे हात नेला.

"राहू दे," दादा म्हणाला.

मी राहू दिलं.